सातबारा कुणाच्या नावावर? फ्लोरिडाच्या पाणथळ कुरणांतून

शनिवार

ऑरलँडोत राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणा आला की त्याला डिस्नेला न्यायचं, हा शिरस्ता. दाजींनी तो विमानतळावरच मोडीत काढला. तासगावला त्यांची द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी उरकून, बाग मुलाच्या हवाली करून जुलैअखेर आले होते. "मिकी माऊस नातवंडांना दाखव. मला हितली शेती बघू दे," म्हणाले.

फ्लोरिडाच्या मधल्या पट्ट्यात शेती म्हणजे मुख्यतः गुरांची कुरणं. ऑरलँडोपासून दक्षिणेला ओकीचोबी तळ्यापर्यंत मैलोन्‌मैल रँच पसरलेत. त्यातला मोठा भाग शंभर वर्षांपूर्वी वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली असायचा. मग चर मारले, कालवे खणले, पाणी काढून दिलं, बहिया गवत पेरलं. आता उलटं काम चाललंय. यातली काही पाणथळं पुन्हा भरायची, तीही जमीन मालकाच्याच ताब्यात ठेवून आणि गुरं चालू ठेवून. हे मला बरेच दिवस बघायचं होतं, आणि दाजींसारखा सोबती आयता मिळाला.

पहिला थांबा मात्र डिस्नेचाच निघाला. किसिमीच्या दक्षिणेला ‘डिस्ने विल्डरनेस प्रिझर्व्ह’ आहे, सुमारे ११,५०० एकर. मुळात तो वॉकर रँच. १९९०च्या सुमारास डिस्नेला आपल्या आवारातल्या पाणथळ जागांवर बांधकाम वाढवायचं होतं. त्याची भरपाई म्हणून त्यांनी ही जमीन घेतली, ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या स्वाधीन केली आणि ती पूर्ववत करायचा खर्च उचलला. पुढे ऑरलँडोच्या विमानतळ प्राधिकरणाने त्याच कारणासाठी आणखी जमीन जोडली. जुने चर बुजवले, पाइनच्या रानात ठरवून वणवा लावायची पद्धत सुरू केली. रसेल तळ्याच्या काठचे सायप्रस बघण्यासारखे आहेत.

दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एकीकडची दलदल मारायची परवानगी काढली आणि दुसरीकडची जगवली. आणि शेतकरी?"

शेतकरी गेला. जमीन विकली आणि विषय संपला. जागा सुंदर आहे, काम मनापासून केलेलं आहे, पण जी गोष्ट बघायला निघालो होतो ती ही नव्हे. दुपारचा विजांचा पाऊस आला तसे गाडीत बसलो.

रविवार

साठ नंबरच्या हमरस्त्यावरून किसिमी तळ्याच्या दक्षिणेचा पूल लागतो. खाली पाण्याची पट्टी दिसते, पट्टीने आखावी तशी सरळ. नाव नदीचं, पण हा सी-३८ कालवा.

मूळची किसिमी नदी १०३ मैल, म्हणजे सुमारे १६६ किलोमीटर नागमोडी वाहायची, आणि पावसाळ्यात दोन्ही काठांवर मैल-दोन मैल पसरायची. १९४७ साली वादळांनी दक्षिण फ्लोरिडा बुडवला. लोक संतापले, वॉशिंग्टनने ऐकलं, १९५४ साली योजना मंजूर झाली आणि १९६२ ते १९७१ या काळात लष्कराच्या अभियंता दलाने नदीचा कालवा केला. लांबी ५६ मैल, रुंदी ३०० फूट, खोली ३० फूट. पूर आटोक्यात आला. काठची दलदल सुकली, तिथे गुरं चरू लागली. हिवाळ्यात येणारी बदकं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. पूर्वी महिनोन्‌महिने गवतातून रेंगाळत, गाळून येणारं पाणी आता शेणखताचा आणि रासायनिक खताचा अंश घेऊन धावत ओकीचोबीत पडू लागलं.

दाजी पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले. २०१९ सालच्या कृष्णेच्या पुरात त्यांच्या बहिणीचं सांगलीतलं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं होतं. "पूर आलेल्या माणसाला कालवाच बरा वाटणार," एवढंच म्हणाले. मला ते पटलं. नदी सरळ करणारे मूर्ख होते असं म्हणणं आज फार सोपं झालंय.

दुपारी आणखी खाली, कालवा बुजवलेल्या भागात, भाड्याच्या होडीतून फिरलो. १९९२ साली काँग्रेसने नदी परत वळवायला मंजुरी दिली, १९९९ साली माती टाकायला सुरुवात झाली आणि जुलै २०२१मध्ये काम पूर्ण झालं. २२ मैलांचा कालवा भरला, ४४ मैलांची नदी पुन्हा वळणं घेत वाहू लागली, सुमारे २५,००० एकर पूरमैदान पाण्याखाली जायला मोकळं झालं. खर्च शंभर कोटी डॉलरच्या घरात, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याच्या पाणी व्यवस्थापन मंडळाचा. त्याआधी एक लाख एकरांहून जास्त जमीन सरकारला मिळवावी लागली, कारण पाणी पसरायचं तर ज्याच्या जमिनीवर पसरणार त्याला विचारायला हवं.

पाणवनस्पतींच्या कडेने बगळे, आयबिस, गुलाबी चमचे पक्षी. मधूनच एक स्नेल काइट खाली झेपावली आणि गोगलगाय उचलून ओंडक्यावर जाऊन बसली. हा शिकारी पक्षी जवळपास गोगलगायींवरच जगतो, त्याची आकड्यासारखी चोच शंखातून मांस ओढायलाच घडलेली. दाजींना पक्ष्यांपेक्षा मगरी आवडल्या. मोजत होते.

पण शंभर कोटी डॉलर आणि तीस वर्षं! प्रत्येक ओढ्याला एवढं कोण देणार? त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी होतं.

सोमवार

सकाळी ओकीचोबी गावच्या गुरांच्या बाजारात डोकावलो. फ्लोरिडातला हा सगळ्यात मोठा बाजार. लिलाव पुकारणाऱ्याच्या तोंडातून काय निघतं ते मला इतक्या वर्षांनी कळत नाही, दाजींना भाव मात्र बरोबर कळत होते. इथले बहुतेक रँच गाय-वासरू पद्धतीचे. गाय ठेवायची, वासरू सात-आठ महिन्यांचं झालं की विकायचं. पुढे ते टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससकडे जाऊन धान्यावर पोसलं जातं आणि कापलं जातं. दाजी माळकरी. हे ऐकून गप्प झाले आणि बाहेर येऊन उभे राहिले.

बाहेर कुंपणात उभ्या गायींनी मात्र त्यांना परत बोलतं केलं. "ह्यांना वशिंड कसं?"

फ्लोरिडाच्या उन्हात, गोचीड-डासांत बहुतेक युरोपी गुरं टिकत नाहीत, म्हणून इथे ब्राह्मन नावाच्या जातीचं रक्त जवळपास सगळीकडे मिसळलेलं. ही अमेरिकन जात घडली ती भारतातून नेलेल्या गुरांपासून: गीर, कांकरेज, ओंगोल, आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली. एकोणिसाव्या शतकात सांगली आणि आसपासच्या संस्थानिकांनी काळ्या चिकट रानात ओढकामासाठी जोपासलेली ती जात आज आपल्याकडे शोधावी लागते. दाजींनी कुंपणातून हात घालून एकीच्या मानेखालची पोळी कुरवाळली. तिने डोकं झटकलं.

दुपारी ज्या रँचवर गेलो त्याचं आणि मालकाचं नाव लिहीत नाही, त्यांची तशी इच्छा होती. ओळखीच्या ओळखीतून भेट ठरलेली. साठीचे गृहस्थ, घराण्याची चौथी पिढी. उंच चाकांच्या स्वँप बगीत आम्हाला बसवलं आणि गुडघाभर पाण्यातून कुरणात घातलं. मला हे दृश्य अजून पटत नाही: पाण्यात उभं राहून गायी चरतात, अंगावर बगळे, आणि पन्नास पावलांवर क्रौंचांची जोडी पिल्लाला घेऊन किडे टिपतेय. कुंपणाच्या खांबावर काराकारा बसलेला. डोक्यावर काळी टोपी, तोंड नारिंगी. फ्लोरिडात हा पक्षी या गुरांच्या कुरणांवरच मुख्यतः टिकून आहे.

मालकाच्या आजोबांनी इथे चर मारले, सरकारी सल्ल्याने आणि सरकारी अनुदानाने. आता नातू तेच चर बंद करतोय, पुन्हा सरकारी पैशाने. हे सांगताना ते स्वतःच हसले.

चर बंद करायचे दोन प्रकार त्यांनी दाखवले. एक, कायमचा: चराच्या तोंडाशी मातीचं बूच मारायचं किंवा सगळाच चर भरून टाकायचा. दुसरा, हातातला: चरात मोरी घालायची, तिच्या तोंडाशी उभं अर्धगोल नळकांडं, त्यात खाचा, खाचांत लाकडी फळ्या. फळ्या चढवल्या की पाणी मागे तुंबतं, काढल्या की सुटतं.

"हे आमचे बरगेच की!" दाजी म्हणाले. कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे घालण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मग त्या दोघांचं माझ्याशिवायच सुरू झालं. फळीची जाडी, गळती, वाहून गेलेल्या फळ्या. मी दुभाष्याचं काम केलं, ते अर्धं हातवाऱ्यांनीच झालं.

घराच्या ओसरीवर थंड चहा घेताना दाजींनी मुख्य प्रश्न टाकला. "मग सातबारा कुणाच्या नावावर?"

हा प्रश्न मला इंग्रजीत नीट मांडता आला याचा मला अभिमान आहे. उत्तर असं: नाव मालकाचंच. रँचच्या एका भागावर त्यांनी केंद्राच्या शेतीखात्याला, तिथल्या एनआरसीएस या माती-पाण्याच्या शाखेला, ईझमेंट विकलंय. पाणथळांसाठीची ही योजना १९९०च्या शेती कायद्यातून आली, २०१४ साली तिचं नाव बदललं, गाभा तोच. मालकी विकायची नाही, त्यातले काही हक्क तेवढे विकायचे: इथे घरं बांधणार नाही, नांगरणार नाही, पाणी काढून देणार नाही. त्या हक्कांची किंमत मिळते, आणि ईझमेंट कायमचं असेल तर पाणथळ पूर्ववत करायचा बहुतेक किंवा सगळा खर्चही सरकार करतं. कुंपणाच्या आत कुणाला येऊ द्यायचं ते मालक ठरवतो. शिकार, मासेमारी त्याची. जमीन विकू शकतो, वारसांना देऊ शकतो. बंधन मात्र जमिनीबरोबर जातं. गुरं चारायला त्या भागात परवानगी लागते, कोणत्या महिन्यांत आणि किती ते आराखड्यात ठरतं.

"म्हणजे इतर हक्काच्या रकान्यात बोजा," दाजींनी निकाल दिला. अगदी तेच.

रँचच्या दुसऱ्या भागावर वेगळी व्यवस्था आहे, आणि मला ती जास्त हुशारीची वाटली. २००५ साली वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड, काही रँचमालक, पाणी मंडळ, राज्याचं शेतीखातं आणि आर्चबोल्ड संशोधन केंद्र यांनी मिळून एक प्रयोग सुरू केला. प्रश्न सोपा: गवताबरोबर पाणी राखणं हेसुद्धा रँचचं पीक मानलं तर? मालकाने फळ्या चढवून पाणी अडवायचं, किती अडलं ते मोजायचं, आणि पाणी मंडळाने त्याचे दरवर्षी पैसे द्यायचे. २०११पासून मंडळाने हे रीतसर कंत्राटांनी सुरू केलं. मुदत साधारण दहा वर्षांची. काही कंत्राटं अडवलेल्या पाण्यासाठी, काही रोखलेल्या फॉस्फरससाठी, म्हणजे शेणा-खतातल्या त्या अंशासाठी जो तळ्यात शेवाळ माजवतो.

सुरुवातीला रँचवाले बिचकत होते. भीती पैशाची नव्हती. दहा वर्षं पाणी साठवलं, तिथे दलदलीची झाडं-पाखरं आली, आणि मग कायदा म्हणाला की आता ही संरक्षित पाणथळ जागा, हात लावायचा नाही, तर? दाजींनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "कूळ लागल्यासारखं!" आपल्याकडे कूळ लागेल या धास्तीने लोकांनी रानं पड ठेवली, दुसऱ्याला कसू दिली नाहीत. इथे त्यावर कंत्राटाआधीच उतारा काढला: सुरुवातीची स्थिती नोंदवून ठेवायची, मुदत संपल्यावर मालकाला त्या स्थितीला परत जायची मोकळीक. या एका गोष्टीशिवाय बाकीचं सगळं कागदावर राहिलं असतं, असं माझं मत झालंय.

वन्यजीव खातंही आता याच वाटेने जातं. २०१२ साली ‘एव्हरग्लेड्स हेडवॉटर्स’ अभयारण्य जाहीर झालं ते अवघ्या दहा एकरांच्या देणगीवर. लक्ष्य दीड लाख एकरांचं, त्यातले एक लाख एकर विकत न घेता फक्त ईझमेंटने राखायचे.

निघताना मी विचारलं, मुलं काय म्हणतात? मालक क्षणभर थांबले. मुलाला मान्य आहे, मुलीला नाही. ऑरलँडोची घरं दरवर्षी दक्षिणेला सरकताहेत, आणि बिल्डरचा भाव ईझमेंटच्या कितीतरी पट. ‘कायमचं’ हा शब्द आपल्या वाट्याचा नव्हता, असं ती म्हणते. दाजी परतताना गाडीत मुलीची बाजू घेत होते.

मंगळवार

लेक प्लॅसिडजवळचं आर्चबोल्ड केंद्र १९४१ सालचं. त्याच्याकडे १९८८पासून बक आयलंड नावाचा १०,५०० एकरांचा रँच आहे, जिथे ३,०००च्या आसपास गायी खरोखरीच्या धंद्यासाठी पाळतात आणि त्यांच्याभोवती संशोधन चालतं. या एका रँचवर सहाशेहून जास्त लहान-मोठी हंगामी पाणथळं आहेत. त्यातल्या चाळीस पाणथळांवर चराई, वणवा आणि खत घातलेलं-न घातलेलं कुरण यांच्या वेगवेगळ्या जोड्या लावून वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या गेल्या.

इथे मला जे कळलं त्याने सोमवारची माझी खुशी जरा उतरली. ओकीचोबीत ओढ्या-कालव्यांतून वर्षाला १०५ टनांपेक्षा जास्त फॉस्फरस येऊ नये अशी मर्यादा आहे. प्रत्यक्षात कित्येक वर्षं त्याच्या काही पट येतो. साहजिकच बोट गुरांकडे जातं. म्हणून इथे शेतांवर कमी-जास्त गुरं सोडून वाहून जाणारं पाणी तपासलं. गुरांच्या संख्येने फॉस्फरसमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो जमिनीच्या इतिहासाने. ज्या सुधारित कुरणांना पूर्वी वर्षानुवर्षं खत दिलं होतं, तिथून फॉस्फरस जास्त येत होता, खत बंद करून कित्येक वर्षं झाली तरी. तो मातीत बसलाय.

याचा अडचणीचा भाग असा की अशा रानात पाणी तुंबवलं तर माती तो सोडूही शकते. म्हणजे फळ्या चढवल्या की पाणीही स्वच्छ, पक्षीही खूश, असं सरसकट नाही. कुठलं पाणथळ आधी घ्यायचं ते मातीला विचारून ठरवावं लागतं.

दाजी इथे सगळ्यात जास्त वेळ रमले. डीएपी खताची पोती त्यांनी बागेत किती ओतलीत ते त्यांना ठाऊक आहे, आणि माती परीक्षणात स्फुरद, म्हणजे हाच फॉस्फरस, ‘अत्यंत जास्त’ असा शेरा त्यांना दोनदा आलाय. तरी दुकानदार देतो म्हणून टाकतात. लव्हाळ्यासारख्या एका गवताकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे गुरं खात नाहीत ना? बरोबर होतं. दाट चराईच्या, खत घातलेल्या पाणथळांत हे कडक लव्हाळं माजतं, कारण चविष्ट गवत गुरं संपवतात आणि हे तेवढं ठेवतात.

बाकी दिवस पावसाने खाल्ला.

बुधवार

पामडेलला फिशईटिंग क्रीकमध्ये कनू घातली. ओकीचोबीला मिळणाऱ्या प्रवाहांपैकी हा एकच असा की ज्यावर बंधारा नाही, दरवाजा नाही. चहासारखं तपकिरी पाणी, दोन्हीकडे सायप्रसच्या बुंध्यांची गर्दी. जुलैत डास भयंकर असतात, आणि तरीही याच महिन्यात यावं. दक्षिण अमेरिकेला निघण्याआधी दुशेपटी घारी या परिसरात शेकड्यांनी रात्रीच्या थाऱ्याला जमतात. सकाळी उशिरा, ऊन तापलं की त्या गोल-गोल वर चढतात. दाजींनी वल्हं सोडून दिलं, आम्ही एका फांदीत अडकलो.

याच खोऱ्यात २०१० साली एनआरसीएसने सुमारे २६,००० एकरांचं सलग ईझमेंट घेतलं, ८ कोटी ९० लाख डॉलर देऊन. एकरी साधारण ३,४०० डॉलर पडले. दाजींनी लगेच रुपये केले, मग तासगावचा एकरी भाव आठवून नाक मुरडलं. मी म्हटलं, दाजी, जमीन विकली नाहीये, फक्त हक्क. "मग बरा आहे," म्हणाले.

संध्याकाळी मूर हेवनजवळ ओकीचोबीच्या बांधावर चढलो. १९२८च्या चक्रीवादळात या तळ्याचं पाणी काठावरून लोटलं आणि अडीच हजारांवर माणसं गेली, बहुतेक कृष्णवर्णीय शेतमजूर. त्यानंतर हा बांध. पाणी फार चढलं की बांधाला धोका, म्हणून ते पूर्व-पश्चिमेच्या नद्यांतून समुद्रात सोडावं लागतं, आणि २०१६, २०१८ साली त्याबरोबर हिरव्या शेवाळाचा थर किनाऱ्यांपर्यंत गेला.

दाजींनी विचारलं, "हे तळं एक इंच उतरवायला किती रँच लागतील?" मोबाइलवर हिशेब केला. ७३० चौरस मैल, म्हणजे ४ लाख ६७ हजार एकर. एक इंच म्हणजे जवळजवळ ३९,००० एकर-फूट (एका एकरावर फूटभर पाणी म्हणजे एक एकर-फूट). दाजींना एकर-फूट चालेना, टीएमसीत हवं होतं. पावणेदोन टीएमसी निघाले. सरासरी नऊ फूट खोलीने पूर्ण तळं १८० टीएमसीच्या वर. कोयना १०५ची. एखादा रँच फळ्या चढवून काही शे एकर-फूट धरतो.

"म्हणजे शंभर रँच एका इंचाला," दाजी म्हणाले. "आन् फळ्या रोज कोण बघणार?"

सोमवारच्या मालकांनी त्याचं उत्तर दिलं होतं, पाणी मंडळाचा माणूस मोजणी तपासायला येतो, पण पावसाच्या रात्री फळी बसवायला तेच जातात, कारण ते तिथेच राहतात. दाजींनी मान डोलावली. मग त्यांनी तासगावला फोन लावला, मुलाला झोपेतून उठवलं, आणि ओढ्यावरच्या बंधाऱ्याचे बरगे यंदा कुणाकडे आहेत ते विचारू लागले. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते.